मदत हवी आहे: सेनिओ १९४५ चा डाव बांधावरच अडकायलाय

नाल्याकाठचा
लवकर सांगा, येत्या रविवारी एअरसॉफ्टचा खेळ लावायचाय, म्हंजे नकली बंदुकांतून प्लास्टिकचे बारीक गोळे मारायचे. इटलीतल्या सेनिओ नदीवरचा ९ एप्रिल १९४५ चा हल्ला करायलोत. एका बाजूला मराठा लाइट इन्फंट्री, दुसऱ्या बाजूला जर्मन, मधी नाला. मराठा बाजू पलीकडच्या बांधावर एकदाबी पोचत नाही. नाल्यात उतरले की सगळे आउट. लाइफ वाढवून पाहिल्या, मेडिक दिले, काही फरक नाही. नियमात नेमकं काय बदलावं तेवढं सांगा.

हॉपअप_६मिमी
बंदुका कोणत्या, गोळी सुटतानाची ऊर्जा किती ज्यूल? बीबी, म्हणजे ते गोळे, किती ग्रॅमचे? माणसं किती आणि वाटणी कशी? एका बांधाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत अंतर किती? एवढं कळल्याशिवाय नियम सांगता येत नाही.

जुनी_छावणी
कल्पना चांगली आहे, पण मराठवाड्यात राहून इटली कशाला? असई आपल्या जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली लढाई. शिंदे-भोसल्यांच्या फौजेला वाटलं होतं की नदीला दुसरीकडं उतार नाही, आणि इंग्रज सेनापती वेलस्लीनं नेमका तो शोधला. उदगीर पण आहे, ३ फेब्रुवारी १७६०. मैदानं घराजवळ आहेत, ती सोडून कुठं चाललात?

नाल्याकाठचा
१६ विरुद्ध १२. अंतर मोजलेलं नाही, वीसेक मीटर असेल. नाला खोलीकरणात जो गाळ निघाला तो दोन्ही काठांवर टाकलाय, तेच बांध. म्हणून तर सेनिओ घेतली, तिथंबी दोन्ही बाजूंना उंच पूरबांधच होते.
असई नको. ठासणीच्या बंदुका आणि तोफा एअरसॉफ्टमधी आणायच्या कुठून?

कायदा_आधी
नियमांच्या आधी परवानगीचं बोला. शस्त्र नियम २०१६ मध्ये हवेच्या शस्त्रांना दोन मर्यादा आहेत: २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिमी छिद्र. एअरसॉफ्टची ऊर्जा एक-दीड ज्यूल, म्हणजे पहिल्या मर्यादेच्या कितीतरी खाली. पण नळीचं छिद्र ६ मिमी. त्यामुळे "एक ज्यूलचंच तर खेळणं आहे" एवढ्यावर भागत नाही. बंदुकांची यादी, बिलं, फोटो, जागेचा सातबारा, जमीनमालकाचं संमतीपत्र आणि हातानं काढलेला नकाशा जोडून पोलीस ठाण्यात अर्ज द्या.

नाल्याकाठचा
अर्ज दिलाय. बिलं हायत. सरपंचाला सांगितलंय. आता डावाचं बोला.

कायदा_आधी
अर्ज दिला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. शिक्का-सहीची पोच घ्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत बंदुका घराबाहेर काढू नका. सरपंचांना सांगितलंत, पोलीस पाटलांना सांगितलंत का? शिवारात लांबून रायफल दिसली की पहिला फोन त्यांनाच जातो. रस्त्याच्या कडेला "नाट्यप्रयोग चालू, बंदुका नकली" असा मोठा फलक लावा. ने-आण बंद पिशवीत करा, मॅगझिन आणि बॅटरी वेगळ्या ठेवा.

जेल_ब्लास्टर
एवढी कटकट कशाला? जेल ब्लास्टर घ्या. पाण्यात फुगणारे ७-८ मिमीचे मऊ गोळे, लागले तरी दुखत नाही, शेतात कचरा नाही. तीन-चार तास भिजवून ठेवले की झालं.

हॉपअप_६मिमी
जेलचा गोळा १५-२० मीटरच्या पुढं सरळ जात नाही, वाऱ्यात तर मुळीच नाही. इथं माथ्यापासून माथाच २० मीटर आहे. शिवाय भिजलेले गोळे उघड्यावर आक्रसतात, मग नळीत दोन-दोन घुसतात आणि जाम होतं. आणि लांबून बंदूक ती बंदूकच दिसते, पोलीस पाटलांना फोन तेव्हाही जाणारच.

जेल_ब्लास्टर
झाकणाच्या डब्यात ठेवले तर आक्रसत नाहीत. नवीन पोरांसाठी तेच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाल्याकाठचा
बंदुका घेऊन झाल्यात. स्प्रिंगच्या बोल्ट रायफली १४, इलेक्ट्रिक थॉम्पसन सबमशीनगन ३, जर्मनांच्या एमपी ४० सबमशीनगन चार, ब्रेन मशीनगनसारखी दिसणारी इलेक्ट्रिक १, जर्मन मशीनगन एमजी ४२ एक. बाकीच्यांकडं गॅसची पिस्तुलं. सगळ्या एक जूलच्या आसपास. बीबी ०.२० आणि ०.२५, ज्याचे त्यानं आणायचे. एमजी बरोबर समोरच्या बांधावर मधोमध ठेवलेली हाय. मेडिकनं हात लावला की जिवंत. जर्मनांना तीन लाइफ, मराठ्यांना पाच.

दुसरी_फळी
आता चित्र स्पष्ट झालं. लाइफ वाढवून फरक पडणार नाही, कारण अडचण लाइफची नाहीच.

एक ज्यूलला ०.२५ ग्रॅमचा बीबी सेकंदाला साधारण ८९ मीटर वेगानं सुटतो. हवेचा अडथळा धरूनही २० मीटर कापायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. चिखलात पाय रुतलेला माणूस तेवढ्यात हलूही शकत नाही. वर बांधामागच्या माणसाचं फक्त हेल्मेट आणि गॉगल दिसतो. खऱ्या लढाईत समोरून ब्रेन चालू झाली की तो डोकं खाली घेतो, कारण गोळी जीव घेते. बीबीला कोणी भीत नाही, त्यामुळे तो निवांत डोकं वर ठेवून नेम धरतो. तुमच्या डावात दडपणारा मारा नाहीच आहे. तो नियमानं आणावा लागेल.

सेनिओवर हे कसं झालं ते बघा. जर्मन बांधांच्या आत खणून बसले होते. तोफा आणि विमानांचा मारा मध्येच थांबवायचे. जर्मनांना वाटायचं, आता पायदळ आलं. ते वर यायचे आणि मारा पुन्हा सुरू. असं वारंवार करून शेवटी विमानं गोळ्या न झाडता नुसती खाली झेपावली, आणि जर्मन बिळात असतानाच पायदळ सुटलं.

हेच शिट्टीवर बसवा:
लांब शिट्टी म्हणजे तोफमारा सुरू. सगळ्या जर्मनांनी माथ्याखाली बसायचं, नळ्या खाली.
आखूड शिट्टी म्हणजे मारा थांबला, वर यायला मोकळे. पण त्यानंतर १० सेकंदांच्या आत पुन्हा लांब शिट्टी झाली आणि कोणाचं डोकं वर दिसलं, तर तो आउट.
मारे एकूण सहा, प्रत्येक २० ते ६० सेकंद, मार्शलच्या (पंचाच्या) मर्जीनं. कोणत्या आखूड शिट्टीला खरा हल्ला आहे हे फक्त मार्शल आणि मराठा कंपनी कमांडरला माहीत. ती वाजली की मराठे माथ्यावरून सुटतात आणि जर्मन वर यावं का नको या विचारात पाच-सात सेकंद घालवतात. नाला ओलांडायला तुम्हाला तेवढंच हवंय.

हॉपअप_६मिमी
शिट्टी मान्य. पण एमजीची जागा बदलल्याशिवाय तीही फुकट जाईल. समोर मधोमध ठेवलीत तर सगळा नाला तिच्या एका फेऱ्यात येतो. ती एका टोकाला, नाल्याच्या लांबीनं मारा करेल अशी बसवा, ४५ मीटर मागं. तिथून ०.२० चा बीबी वाऱ्यानं भरकटतो, ०.२५ कसाबसा पोचतो. म्हणजे धाक राहतो, कत्तल होत नाही. शिवाय दर २०० बीबींनंतर नळी बदलली असं धरून १५ सेकंद मारा बंद, आणि चालवायला दोन माणसं हवीतच. एकटा उरला तर एमजी बंद.

दुसरी_फळी
४५ मीटर जास्त होतात, ती शोभेची वस्तू होईल. ३०-३५ ठेवा.

हॉपअप_६मिमी
३० मीटरवर इलेक्ट्रिक बंदूक सलग माऱ्यानं नाला बंदच करते. हॉपअप, म्हणजे बीबीला फिरकी देणारा नळीतला भाग, नीट लावलेला असेल तर एक ज्यूल आणि ०.२५ ला ४० मीटर आरामात मिळतात.

दुसरी_फळी
मग पहिला डाव ४० वर घ्या आणि तिथून ठरवा. वाटणीचं मात्र ऐका: २८ माणसांत २० मराठे, ८ जर्मन. एमपी ४० दोनच ठेवा, बाकी जर्मनांना बोल्ट. प्रत्येक जर्मनाला बांधावर एकच लाइफ, आउट झाला की तो मागच्या फळीत जाऊन तिथून लढतो. मराठे दहा-दहाच्या दोन लाटांत. आउट झालेला मराठा पुढच्या लांब शिट्टीलाच परत येतो, एकेकट्यानं नाही. एकेकटा आला की एकेकटाच मरतो.

गोळ्या मोजून द्या. ली-एनफिल्डला (मराठ्यांची रायफल) दहाचं मॅगझिन, अशी पाच. कार ९८ ला (जर्मन रायफल) पाच-पाचच्या दहा क्लिपा धरा. ब्रेनला तीसची मॅगझिनं. ब्रेन आपल्याच बांधाच्या डाव्या टोकाला ठेवा, मधे नको. मधून मारली तर आपलेच पुढं धावणारे तिच्या रेषेत येतात आणि ती गप्प बसते.

खाकी_शिवणार
वर्दीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. टेरिकॉट घेऊ नका, घाम धरतं आणि फोटोत चमकतं. कॉटन ड्रिल घ्या, खाकी. ३७ पॅटर्नचे (तेव्हाच्या ब्रिटिश फौजेचे) पट्टे आणि पाउच ताडपत्री शिवणाऱ्याकडून कॅनव्हासचे करून मिळतात. कागदाचा साचा कापून द्या, तोंडी माप सांगू नका. जर्मनांना करडा-हिरवा कपडा पुरे. स्वस्तिक आणि एसएसची चिन्हं कशावरही नकोत, नुसता गरुड पण काढून टाका.

नाल्याकाठचा
वर्दी झालीय. शिट्टीचं पटलं. पण मेडिक ठेवायचा का काढायचा?

दुसरी_फळी
ठेवा, पण जागेवर हात लावून जिवंत करणं बंद. ९ एप्रिलला मराठा लाइट इन्फंट्रीचा नामदेव जाधव आपल्या कंपनीचा निरोप्या होता. मारा चालू असताना त्यानं दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगपट्ट्यातून माघारी आणलं, मग मशीनगनची तीन ठाणी मोडली आणि बांधावर उभं राहून गर्जना करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस त्याच दिवसाचा. म्हणून नियम असा ठेवा: प्रत्येक लाटेत एक निरोप्या. तो जखमीचा दंड धरून त्याला आपल्या बांधामागं आणेल, तेव्हाच जखमी जिवंत. आणि पलीकडच्या माथ्यावर निरोप्या उभा राहून ओरडला की दुसऱ्या लाटेला शिट्टीची वाट न बघता सुटता येईल. त्या आरोळीला किंमत मिळाली पाहिजे, नाहीतर सेनिओचा डाव कशाला लावायचा.

उचलून न्यायला मात्र कोणालाच परवानगी नको. गाळाचा बांध ढासळतो.

विहीर_बघा
तोच मुद्दा. खोलीकरणाचा गाळ दबलेला नसतो, कडेला उभं राहिलं की वजनानं सुटतो. चढायच्या दोन जागा ठरवून तिथं कुदळीनं पायऱ्या करा, रुंदी दोन फूट. बाकी बांध चुन्याची रेघ मारून बंद. डबक्यात काठी घालून खोली बघा, गुडघ्याच्या वर असेल तिथं लाल कापड लावा.

आणि धाग्यात अजून कोणी विचारलं नाही: दोनशे मीटरात विहीर आहे का? कठडा नसलेली असेल तर सगळीकडून पाच मीटरवर दोरी बांधा आणि तिथं एक माणूस उभा ठेवा. गॉगल धुरकटलेला माणूस पळताना खाली बघत नाही. मोटारीची वायर जमिनीवरून गेली असेल तर त्या दिवशी स्टार्टर बंद आणि फ्यूज मालकाच्या खिशात. डुकरांसाठी कोणी शेजारी कुंपणात करंट सोडतो का, तेही आधी विचारा.

नाल्याकाठचा
विहीर हाय. दीडशे मीटरवर. कठडा नाही.

विहीर_बघा
मग दोरी आधी, शिट्टी नंतर.

धूर_हवा
धूर का नाही वापरत? फटाक्याच्या दुकानात रंगीत धुराची नळी मिळते. दोन टाकल्या की नाला दिसेनासा होतो, शिट्ट्यांची गरजच नाही.

विहीर_बघा
आत्ता काठावरचं कुसळ वाळून खडंग झालंय. त्या नळीचं तोंड तापून लाल होतं. शेजारी ज्वारी हुरड्यात उभी असेल तर एका ठिणगीत दुसऱ्याचं वर्षाचं पीक जाईल. धूर अजिबात नको.

धूर_हवा
पत्र्याच्या घमेल्यात ओली वाळू भरून त्यात ठेवली तर?

विहीर_बघा
घमेलं नाल्याच्या पाण्यात ठेवणार असाल तर एक वेळ चालेल. पण धुरात मार्शलला चेहरे दिसत नाहीत आणि कोणी गॉगल काढला तर कळत नाही. माझा विरोध कायम.

हॉपअप_६मिमी
गॉगलवरून: बांधकामाचा साधा चष्मा चालणार नाही. चारी बाजूंनी बंद, युरोपी मानक ईएन १६६ ची बी खूण असलेला घ्या. ती काच १२० मीटर प्रतिसेकंदाच्या धक्क्याला तपासलेली असते. एफ खूण म्हणजे फक्त ४५, ती नको. जाळीचा गॉगल धुरकटत नाही म्हणून पोरं आणतात, पण हलका बीबी जाळीवर फुटून तुकडे आत जातात.

क्रोनो, म्हणजे बीबीचा वेग मोजणं, दोनदा करा. सकाळी थंडीत गॅसची पिस्तुलं मऊ वाटतात, दुपारी ऊन लागलं की तीच जोर धरतात. आणि ज्या वजनाचा बीबी तो खेळणार, त्याच वजनानं मोजा. सगळ्यांना ०.२५ एकाच पोत्यातून तुम्हीच द्या. ०.२५ ला एक ज्यूल म्हणजे सेकंदाला २९३ फूट, त्यावर गेली ती बंदूक बाजूला. पाच मीटरच्या आत कोणी झाडायचं नाही, "शरण" म्हणायचं.

जुनी_छावणी
बरं, असई नाही तर पोलिस अ‍ॅक्शन घ्या. १३ सप्टेंबर १९४८, निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारतीय फौजेनं सोलापूरकडून येऊन पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल घेतला. ब्रेन, स्टेन, ली-एनफिल्ड सगळं चालतं.

कायदा_आधी
हत्यारं जुळतात, पण त्या दिवसांच्या जखमा इथल्या गावांत अजून घरोघरी आहेत. एका बाजूला कोणाला उभं करणार आणि गावातली माणसं ते कसं बघणार, याचा विचार करा. परवानगी मागताना ठाण्यातही हाच प्रश्न येईल. सेनिओच बरी.

नाल्याकाठचा
ठीक. २० विरुद्ध ८, एमजी टोकाला ४० मीटरवर, सहा शिट्ट्या, निरोप्याची आरोळी, विहिरीला दोरी. फक्त एक: बीबी नंतर उचलायचे कसे? मालक म्हणायलाय एकबी दाणा रानात दिसला नाही पाहिजे.

विहीर_बघा
बायो (आपोआप विरणारे) लिहिलेले आणले तरी कोरड्या काळ्या रानात ते लवकर विरत नाहीत, त्या भरवशावर राहू नका. जर्मन बांधाच्या मागं आणि एमजीच्या रेषेच्या टोकाला जुनी शेडनेट उभी बांधा, दोन मीटर उंच, खालची कड आत दुमडून. निम्म्याहून जास्त तिथंच पडतात. काळ्या रानात पांढरे बीबी दिसतात, म्हणून पांढरेच घ्या. आणि ज्वारीच्या बाजूला एकही नळी वळणार नाही असा मैदानाचा कोन आजच, मालकाला बरोबर घेऊन, खुंट्या ठोकून ठरवा.

कायदा_आधी
आणि पोच मिळाली का ते सांगा.