प्रभू येशू पुन्हा येणार यावर वाद नाही. पण तारीख धरून बसणं ही तयारी आहे का?

नगरी माणूस
सर्वांना सलाम. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच.
२२ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी माझ्या मावशीने फ्रिज रिकामा केला, आतून पुसला, बटण बंद करून दार उघडं ठेवलं. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. म्हणाली, "आम्ही दिसलो नाही तर मांजरीला दूध घालत जा." दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने, येशूने आपल्याला दर्शन दिलं असं सांगत, २३-२४ सप्टेंबरला येशूवर विश्वास ठेवणारे पृथ्वीवरून स्वर्गात उचलले जातील असं जाहीर केलं होतं. यहुद्यांचा कर्ण्यांचा सण त्याच दिवसांत होता, त्यामुळे लोकांना ते आणखी खरं वाटलं. कुणीतरी ते मराठीत समजावून व्हॉट्सअॅपवर फिरवलं.
२५ तारखेला सकाळी मी गेलो. घरात दूध नव्हतं. काळा चहा पुढे ठेवत मावशी म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला बघ." काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख त्यांनी सोडून दिली होती. पुढची चार महिन्यांनी मिळाली.
त्या एका वाक्याने मी फार अस्वस्थ आहे. खोटं ठरलं ते भाकीत, आणि दोष घेतला मावशीने. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही, पुत्रालाही नाही, हे मत्तय २४:३६ लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. मग कुणी तारीख सांगितली की आपण पारख का करत नाही?

मारानाथा
भाऊ, मावशींबद्दल वाईट वाटलं. तारीख सांगणारा चुकला, हे मलाही मान्य. पण मला एक सांगा, तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेल्या पाच वर्षांत प्रभूच्या दुसऱ्या आगमनावर किती उपदेश झाले? आमच्याकडे एकही नाही. कापणीचा सण होतो, इमारत फंडाचे वाद होतात, ट्रस्टच्या निवडणुकीत कोर्टकचेऱ्या होतात. "तेथून तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास येईल" हे दर रविवारी उपासनेत म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. लोक उपाशी आहेत, म्हणून मिळेल ते खातात.
माझा भाऊ अठरा वर्षं दारू पीत होता. एका प्रार्थना सभेत "प्रभू आज रात्री आला तर?" एवढंच त्याने ऐकलं, आणि त्या रात्रीपासून बाटलीला हात लावलेला नाही. तुम्ही याला भीती म्हणाल. मी जागं होणं म्हणतो.
आणि चिन्हांचं काय? १९४८ ला इस्राएल पुन्हा उभा राहिला. अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, आणि त्याला पालवी फुटली की वेळ जवळ आली हे प्रभूनेच ओळखायला सांगितलंय.

नगरी माणूस
तुमच्या भावाबद्दल देवाची स्तुती असो, मनापासून. पण "आज रात्री आला तर?" हा प्रश्न आणि "२३ तारखेला येणार" हा दावा, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याने माणूस घरच्यांकडे परत आला. दुसऱ्याने माझे काका दवाखान्यापासून लांब गेले.
अंजिराच्या झाडाविषयी लूक २१:२९ बघा. तिथे प्रभू "अंजिराचे झाड व इतर सर्व झाडे" असं म्हणतो. मग ते एक झाड म्हणजे एक राष्ट्र, हा अर्थ तिथे कसा बसतो? १९४८ मध्ये ४० वर्षांची एक पिढी मिळवून लोकांनी १९८८ काढलं. ते गेलं. आता पिढी ८० वर्षांची धरतात.
हे नवीनही नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातून प्रभूच्या येण्याचा हिशेब मांडला, आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी आपल्या रेडिओवरून २१ मे सांगितला, तो गेल्यावर २१ ऑक्टोबर. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त माणसाने जन्माची १ लाख ४० हजार डॉलरची पुंजी त्या तारखेच्या जाहिरातींवर घातली. एक मात्र सांगायला हवं, मार्च २०१२ मध्ये कॅम्पिंग यांनी पत्र लिहून कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप होतं. आपल्याकडे ते व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या एकानेही मावशीची माफी मागितलेली नाही.

मिरजेची नर्स
"देव बरं करणार आहे, आणि तसाही आता शेवट आलाय" म्हणून इन्सुलिन बंद केलेले पेशंट मी वॉर्डात पाहिलेत. घरच्यांशी वाद घालायलाही वेळ नसतो, सलाइन लावायची असते. केनियात शाकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये ४०० हून जास्त मृतदेह उकरून काढले. उपाशी राहून येशूला भेटा, असं त्यांना शिकवलं होतं. त्यात लेकरं होती. कृपया याला निव्वळ मतभेद म्हणू नका.

मारानाथा
ताई, तो खून आहे. त्याला मी विश्वास म्हणतच नाही. पण त्या खुन्यापायी प्रभूची वाट पाहणाऱ्या सगळ्यांनाच एका माळेत ओवू नका.

वसईची लेक
आम्ही कॅथलिक. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार चार मेणबत्त्या लावतो, दर मिस्साला म्हणजे उपासनेला "तू पुन्हा येईपर्यंत" म्हणतो, म्हणजे वाट पाहणं आमच्या अंगात मुरलेलं आहे. मला येशूने सांगितलेला, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला इथे महत्त्वाचा वाटतो. नीट वाचला तर झोपल्या त्या दहाही जणी, शहाण्यासुद्धा. फरक फक्त जादा तेलाचा होता. मूर्ख पाचजणींनी धरलं की वर लगेच येईल. शहाण्या पाचजणींनी उशिराची तयारी ठेवली. दादा, तुमच्या मावशींचा रिकामा फ्रिज वाचून मला तेच आठवलं.

नगरी माणूस
ताई, अगदी बरोबर. मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. उशिराची तयारी.
केडगावच्या पंडिता रमाबाईंचं बघा. १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ति सदनात, निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, मोठं संजीवन म्हणजे आध्यात्मिक जागृती झाली, मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या. प्रभू येणार, याची आस तिथे काही कमी नव्हती. पण त्याच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करत १९२२ मध्ये मरेपर्यंत बसल्या. मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना शिकवला. उद्याच उचलले जाणार असं धरलं असतं तर छपाईचे खिळे जुळवायला कोण बसलं असतं?

मारानाथा
ताईंनी दहा कुमारींचा दाखला चांगला दिला. पण त्याच्या चारच वचनं आधी, मत्तय २४:४८ ला, दुष्ट दास काय म्हणतो? "माझा धनी येण्यास विलंब लागेल." आणि मग सोबतीच्या दासांना मारू लागतो, दारूबाजांबरोबर खातोपितो. उशिराची तयारी ठेवा म्हणणारे तुम्ही पाच शहाण्यांत आहात की त्या दासाच्या पंक्तीत, हे कसं ठरवायचं? माझ्या मंडळीत तरी मला दुसरेच जास्त दिसतात. म्हणून मी पालवी पाहत राहणार. तारीख मात्र कुणाकडून घेणार नाही, हे आज इथे लिहून ठेवतो.

नगरी माणूस
प्रश्न खरा आहे. थेस्सलनीकेतल्या लोकांनी, प्रभूचा दिवस आलाच म्हणून, घाबरून जाऊ नये असं पौलाने लिहिलं, आणि त्याच पत्रात काम न करणाऱ्याला खायला देऊ नका असंही सांगितलं. "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा" हेही त्यांनाच. पण "जागे राहू" हेही त्यांनाच, हे मी विसरत होतो.
मावशी अजून उपासनेला येत नाही. लोक विचारतील, याची तिला लाज वाटते.

मारानाथा
त्यांचा पत्ता मला वैयक्तिक पाठवा. मी नगरमध्येच असतो. रविवारी उपासनेआधी भावाला घेऊन जातो.