चटणीच्या रीलला ४० हजार व्ह्यू, ऑर्डर तीन. ब्लॉग लिहून फरक पडेल का?

चटणी_मंगळवारपेठ

नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. चार वर्षं झाली, सासूबाई आणि मी घरी चटणी करून विकतो. मिरची लक्ष्मीपुरीतनं आणतो, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. कांदा, खोबरं, तीळ, धने सगळं घरीच भाजायचं आणि डंकावर नेऊन कांडून आणायचं. गेल्या उन्हाळ्यात १८० किलो गेली. त्यातली दीडशे तरी गल्लीत, भिशीतल्या बायकांत आणि नणंदेच्या ऑफिसात. पुण्या-मुंबईला गेली तीही इथनं तिकडं राहायला गेलेल्यांकडंच.

मुलीनं इन्स्टाग्राम काढून दिलंय. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्याच्या रीलला ४० हजार व्ह्यू आले. आता फोन येतील म्हणून आठवडाभर मोबाईल उशाला घेऊन झोपले. ऑर्डर आल्या तीन, तिघीही ओळखीच्या. मग एकांना सहा महिन्यांचे १८ हजार देऊन पेज चालवायला दिलं. त्यांनी सणावाराच्या शुभेच्छांची चित्रं टाकली, चटणी त्यात दिसलीच नाही. ते पैसे दोन पोती मिरचीचे होते, अजून जिवाला लागतात.

आता कुणी सांगतंय ब्लॉग लिहा. मला लिहायला आवडतं. पण दिवसात मोकळा वेळ दुपारी तीन ते चार एवढाच. तो कुठं घालू? सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. चटणीचं प्रमाण त्यांच्या हातात आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत हे नाव कोल्हापूरच्या बाहेर जावं, असं फार वाटतं.

राजारामपुरी_नाश्ता

ताई, आधी गूगल बिझनेस प्रोफाइल काढा, म्हणजे गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद. फुकट आहे. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर लपवता येतो, फक्त कुठल्या भागात माल देता ते टाकायचं. आमच्याकडं अंबाबाईच्या दर्शनाला आलेली मंडळी नकाशावर बघूनच येतात. फोटो स्वतः काढलेले टाका आणि प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्या. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बूस्टचं बटण सध्या दाबू नका.

सुभाषनगर_पायताण

ताई, १८ हजारांचं वाचून वाईट वाटलं. आमचं घर तीन पिढ्यांचं चपलांचं. मी ब्लॉग लिहायला लागून तीन वर्षं झाली, त्यामुळं जे अनुभवलं तेच सांगतो.

सुरुवातीला मी चुकीचं लिहिलं. कोल्हापुरीची परंपरा, शाहू महाराजांनी दिलेला आधार, २०१९ ला मिळालेलं जीआय मानांकन. खरं होतं सगळं, अभिमानानं लिहिलं होतं. पाच महिने कुणी फिरकलं नाही. कारण ज्याला चप्पल घ्यायचीय तो हे शोधतच नव्हता.

मग वडिलांनी एक गोष्ट दाखवून दिली. दुकानात बसून ते दिवसभर फोनवर तीच तीन-चार उत्तरं देत होते. नवी चप्पल अंगठ्याला चावते, काय करू? सात नंबरचा बूट घालतो, तर कोल्हापुरी कितीची घेऊ? पावसात चालेल का? मी वहीत महिनाभर हे प्रश्न लिहिले, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. मग एकेका प्रश्नाला एकेक लेख. ‘नवी कोल्हापुरी चावते’ या लेखात पट्ट्याला आतनं खोबरेल तेल कसं लावायचं, पहिले काही दिवस घरातच थोडा थोडा वेळ कशी घालायची, एवढंच आहे. फोटो माझ्याच पायाचे. आज बाहेरगावचं निम्मं गिऱ्हाईक त्या एका लेखावरनं येतं.

पावसाच्या लेखात मी सरळ लिहिलंय की पावसात घालू नका, चामडं पाणी पितं आणि तळ सुटतो. धाकटा भाऊ चिडला होता, धंदा बुडवतोस म्हणून. पण तोच लेख वाचून माणसं फोनवर म्हणतात, तुम्ही खरं सांगता, मग तुमच्याकडूनच घेतो.

रील सोडा असं मी म्हणणार नाही. रीलनं माणूस थांबतो, पण दोन दिवसांत ती खाली जाते. लेख तिथंच राहतो. वर्षभरानं कुणाला अडचण आली की सापडतो.

तेव्हा दुपारचा तास असा घाला: आधी महिनाभर फक्त वही. लिहायचं काही नाही, फोनवर कोण काय विचारतं तेवढं टिपायचं.

चटणी_मंगळवारपेठ

दादा, वहीची वाटच बघायला नको. आत्ताच आठवतंय. बाहेरगावचे हमखास विचारतात: ही चटणी भाकरीबरोबर नुसती खायची का? आणि मग भाजीत किती घालू? वर्षभर टिकते का? काळी पडली म्हणजे खराब झाली का?

पुण्यातली_सून

मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. माझं माहेर विदर्भातलं. लग्नानंतर सासरी ‘चटणी संपली’ असं ऐकलं की मला शेंगदाण्याची किंवा जवसाची वाटायची. तुम्ही कोल्हापुरातले ज्याला चटणी म्हणता ते मी अजूनही ‘कांदा-लसूण मसाला’ म्हणून शोधते. चटणी टाकलं तर इडलीबरोबरची समोर येते. तुमच्या रीलवर काय लिहिलं होतं?

चटणी_मंगळवारपेठ

‘घरची चटणी, मंगळवार पेठ.’ एवढंच.

सुभाषनगर_पायताण

मग गाठ इथंच आहे ताई. चाळीस हजारांतल्या बऱ्याच जणांना तुम्ही काय विकता तेच कळलं नसणार.

लेखाच्या मथळ्यात ‘कांदा-लसूण मसाला’ टाका. आत मात्र तुमच्या घरात म्हणतात तसं चटणीच म्हणा, आणि आमच्याकडं याला चटणी का म्हणतात ते दोन ओळींत सांगा. मला हे सर्च कन्सोलमध्ये दिसलं. गूगलचं फुकट साधन आहे, कुठले शब्द टाकून माणूस आपल्याकडं आला ते त्यात कळतं. मी ‘पायताण’ लिहीत होतो आणि लोक ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधत होते, तेही इंग्रजी अक्षरांत. ब्लॉग लिहायला गूगलचंच ब्लॉगर पुरे, पैसे लागत नाहीत.

प्रत्येक लेखाखाली व्हॉट्सॲप बिझनेसचा दुवा द्या. त्यातल्या कॅटलॉगात पाव किलो, अर्धा, एक किलो असे दर आणि टपाल खर्च आधीच लिहा, म्हणजे दर विचारून गप्प होणारे कमी होतात. एकच निरोप एकदम सगळ्यांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका: नंबर जपून ठेवा, नवीन चटणी कांडली की कळवतो. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ आकडी नंबर असू दे, अनोळखी माणूस तो आधी बघतो.

२०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला आणि आमची पार्सलं अडकली. रोज संध्याकाळी स्टेटसवर पाण्याचा फोटो आणि कुठलं पार्सल कुठं आहे ते टाकायचो. एकानंही ऑर्डर रद्द केली नाही.

चटणी_मंगळवारपेठ

आज तीन वाजता वही घेऊन सासूबाईंजवळ बसले. काळी पडण्याचं विचारलं. म्हणाल्या, ओला चमचा घातला नाही ना, वास बिघडला नाही ना, मग ब्याडगीचा रंग उतरलाय, चटणी चांगली आहे. बरणीत हिंगाचे खडे ठेवायचे, उजेडात ठेवायची नाही. त्या बोलत होत्या तसंच उतरवून घेतलंय, दोन पानं भरली. मथळा: ‘कांदा-लसूण मसाला काळा पडला तर टाकून द्यायचा का?’ मुलगी संध्याकाळी चिनी मातीच्या बरणीचा फोटो काढणार आहे. सासूबाईंना त्यात हात दिसला तर चालेल, चेहरा नको.

सुभाषनगर_पायताण

हातच घ्या. आणि वरती त्यांचं वय लिहा.