ऑनलाइन म्युझिक लायब्ररीला ट्रॅक देताना हक्क कायमचे द्यावेत का?

नौपाडा_स्वरकार

गेली अकरा वर्षे ठाण्यात, घरातल्याच एका खोलीत बसून मी जाहिराती, माहितीपट आणि मालिकांसाठी पार्श्वसंगीत तयार करतो आणि त्यातले बरेचसे ऑनलाइन लायब्ऱ्यांमार्फत परवान्यावर देतो. मागच्या आठवड्यात कोपरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने मला त्याला आलेला करार वाचायला दिला. तीस ट्रॅक, प्रत्येकासाठी एकरकमी मोबदला आणि त्या बदल्यात जगभरातले सर्व हक्क कायमस्वरूपी लायब्ररीकडे, असा तो मसुदा होता. मी त्याला सही करू नकोस असे सांगितले. माझी कारणे येथे मांडतो. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी ती जरूर खोडून काढावीत, कारण त्याला अजून उत्तर कळवायचे आहे.

लायब्ररीतल्या ट्रॅकचे उत्पन्न दोन वाटांनी येते. पहिली वाट म्हणजे चित्राशी संगीत जोडण्याच्या परवान्याचे शुल्क, जे लायब्ररी आणि संगीतकार बहुधा निम्मे-निम्मे वाटून घेतात. दुसरी वाट म्हणजे तो ट्रॅक दूरचित्रवाणीवर किंवा अन्यत्र वाजल्यावर ती गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत येणारी रॉयल्टी. तिचा अर्धा भाग रचनाकाराचा आणि अर्धा प्रकाशकाचा, म्हणजे येथे लायब्ररीचा, असा रिवाज आहे. एकरकमी खरेदीच्या करारात पहिली वाट तर बंद होतेच, पण अनेकदा दुसऱ्या वाटेतला रचनाकाराचा अर्धा भागही कलमांच्या गर्दीत निघून जातो.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 19 प्रत्येक संगीतकाराने एकदा तरी शांतपणे वाचावे. हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द करारात इतक्या काळजीने का लिहिलेले असतात, ते यावरून कळेल. संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. पंचविशीतला मुलगा एका सहीने जे देऊन टाकतो, ते त्याच्या नातवंडांच्या हयातीपर्यंत पुरणारे असते.

माझा सल्ला असा आहे की मुदत तीन ते पाच वर्षांची मागावी, ती संपल्यावर लेखी सूचनेने ट्रॅक परत येतील असे कलम घालून घ्यावे, रॉयल्टीतला रचनाकाराचा वाटा सोडू नये आणि संगणकीय संगीतनिर्मितीच्या प्रणालींना शिकवण्यासाठी ट्रॅक वापरायचा असल्यास वेगळी लेखी संमती लागेल असे स्पष्ट लिहून घ्यावे.

वाशी_कीबोर्ड

आपली तळमळ समजते, पण हा सल्ला त्या मुलाच्या हिताचा आहे असे मला वाटत नाही.

मी सुरुवातीला नेमके आपण सांगता तसेच केले. हक्क स्वतःकडे ठेवून साठ ट्रॅक नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे तोच ट्रॅक इतरांनाही देऊ देणाऱ्या, लायब्ऱ्यांना दिले आणि चार वर्षे वाट पाहिली. त्या साठ ट्रॅकनी चार वर्षांत जे मिळवून दिले, त्याहून अधिक रक्कम मला पुढे एका एकरकमी करारातल्या बारा ट्रॅकनी दोन महिन्यांत दिली. वाशीतल्या घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, आणि रॉयल्टी आली तर सहामाहीने येते.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा की लायब्ररीतल्या संगीताचे आयुष्य फार लहान असते. दहा वर्षांपूर्वी प्रत्येक कंपनीच्या माहितीपटात युकुलेले, टाळ्या आणि शिट्टी असे. आज तो ट्रॅक कोणी फुकटही घेणार नाही. हक्क 60 वर्षे टिकतो हे खरे, पण मागणी संपलेल्या ट्रॅकवरचा हक्क जपून त्या मुलाच्या हाती काय लागणार? शिवाय वर्गणीवर चालणाऱ्या लायब्ऱ्यांचे बहुतेक ग्राहक यूट्यूबवर व्हिडिओ करणारे किंवा कार्यालयीन चित्रफिती बनवणारे असतात. तिथे प्रसारणाची रॉयल्टी नगण्य असते किंवा मुळीच नसते, त्यामुळे ‘दुसरी वाट’ कागदावरच राहते.

आपण एक गोष्ट सांगितली नाही, तीही त्या मुलाला कळायला हवी. आयपीआरएसचे, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, सभासद होताना आपण आपले सादरीकरणाचे हक्क संस्थेकडे सोपवतो. ‘यापुढे कोणतीही रॉयल्टी लागणार नाही’ असे ग्राहकाला सांगणाऱ्या काही लायब्ऱ्या म्हणूनच सभासद नसलेल्या संगीतकारांचेच काम घेतात. आधी सभासद व्हायचे आणि मग अशा लायब्ररीच्या करारावर ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ म्हणून सही करायची, हे खोटे निवेदन ठरते.

अमेरिकी लायब्ररी असेल तर डब्ल्यू-8 बीईएन हा परदेशी व्यक्तीने भरायचा कराचा अर्ज पॅन क्रमांकासह वेळेत भरावा. तो नसेल तर तिथल्या उत्पन्नावर 30 टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करविषयक करारानुसार रॉयल्टीवर तो 15 टक्क्यांवर येतो. कलमांवर वाद घालणारे कित्येक जण हा साधा अर्ज भरायचे विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

संकलक_घोडबंदर

मी संगीतकार नाही. घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत मालिका आणि जाहिराती संकलित करतो, म्हणजे तुमचा ट्रॅक निवडणारा किंवा पाच सेकंदांत पुढे ढकलणारा माणूस मी आहे. दोघांचे वाचले आणि दोघांनाही काही सांगावेसे वाटले.

नॉन-एक्सक्लुझिव्ह ट्रॅक वेगवेगळ्या नावांनी तीन-चार लायब्ऱ्यांत टाकण्याची जी पद्धत आहे, तिचा त्रास आम्हाला होतो. एकच ट्रॅक तीन नावांनी तीन दरांत सापडतो, ध्वनी ओळखणाऱ्या यंत्रणेला त्या नावांतला फरक कळत नाही, आणि रॉयल्टी नेमकी कोणत्या नोंदीकडे जावी याचा गोंधळ होतो. वाहिन्यांचे कायदा विभाग असे ट्रॅक नको म्हणतात. त्याहून वाईट प्रकार यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा, म्हणजे नोंदवलेले संगीत व्हिडिओंत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा. नेरुळच्या एका लग्नचित्रीकरण करणाऱ्या मित्राने रीतसर पैसे भरून परवाना घेतला, पण संगीतकाराने तोच ट्रॅक एका वितरकामार्फत कंटेंट आयडीत नोंदवलेला होता, त्यामुळे वधूपक्षाला पाठवलेल्या चित्रफितीवर हक्काचा दावा लागला. परवाना दाखवून तो दावा सुटला, पण मित्राने त्या संगीतकाराचे नाव कायमचे वगळले. जो ट्रॅक अनेकांना परवान्यावर द्यायचा आहे तो तिथे नोंदवू नये, एवढे तरी पाळा.

आता निवडीबद्दल. मला 48 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव्ह फाइल लागते, सोबत 60, 30 आणि 15 सेकंदांच्या आवृत्त्या, मुख्य सुरावट काढून टाकलेली एक आवृत्ती आणि वाद्यांचे स्वतंत्र स्टेम, म्हणजे एकेका वाद्याच्या किंवा वाद्यगटाच्या वेगळ्या फाइल. शेवटी हळूहळू विरत जाणारा ट्रॅक मला कापता येत नाही. स्पष्ट थांबणारा शेवट द्या. आणि कृपा करून वाद्यांची नावे नीट लिहा. देवीच्या गोंधळाच्या प्रसंगासाठी मी संबळ शोधतो तेव्हा ‘भारतीय’ या एकाच शब्दाखाली सतार आणि तबलाच हाती लागतो. संबळ, हलगी, दिमडी, चौंडकं ही नावे देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही प्रकारे वर्णनात असतील, तर महाराष्ट्रातल्या लोकवाद्यांचे ट्रॅक करणाऱ्याला या बाजारात आजही फारशी स्पर्धा नाही.

एक कबुलीही देतो. क्यू शीट, म्हणजे कोणता ट्रॅक किती सेकंद वाजला आणि तो कोणाचा, याचा तक्ता, आमच्याकडून घाईत अपुरा भरला जातो. रचनाकाराचे पूर्ण नाव आणि संस्थेतला आयपीआय क्रमांक, म्हणजे रचनाकाराची ओळख पटवणारा क्रमांक, फाइलमध्येच भरलेला असेल, तर तो उतरवून घेणे सोपे जाते.

पखवाज_ऐरोली

रचनाकाराच्या हक्कांवर एवढी चर्चा झाली, पण वाजवणाऱ्याचे कोणी नावही घेतले नाही, याचे वाईट वाटले.

मी ऐरोलीत राहतो आणि गेल्या काही वर्षांत अनेक संगीतकारांच्या घरच्या स्टुडिओत जाऊन पखवाज आणि ढोलकी ध्वनिमुद्रित करून दिली आहे. दोन तासांचे मानधन हाती पडते, कागद मात्र एकही नसतो. कायद्याच्या कलम 38 नुसार कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावर 50 वर्षे हक्क असतो. लायब्ररीच्या करारात ‘या ध्वनिमुद्रणातले सर्व हक्क माझ्याकडे आहेत, वाद उद्भवल्यास भरपाई मी देईन’ असे हमीचे कलम असते, आणि संगीतकार त्यावर वादकाचे संमतिपत्र न घेताच सही करतो. पैसे एकदाच देणार असाल तर तसे द्या, पण ते कशासाठी आहेत हे कागदावर लिहून द्या.

आमच्या आगरी लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाते. तसा एक आवाज मी परवा एका परदेशी लायब्ररीच्या ट्रॅकमध्ये ऐकला. मांडवात मोबाइलवर टिपून घेतलेला होता हे आजूबाजूच्या आवाजावरून लगेच कळत होते. धवले परंपरेचे आहेत, ते सर्वांचे आहेत. त्या बाईंचा आवाज मात्र सर्वांचा नाही. त्यांना कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

नौपाडा_स्वरकार

पखवाज_ऐरोली, आपले म्हणणे मला लागले, आणि ते योग्य आहे. माझ्या जुन्या ट्रॅकपैकी निदान आठ असे आहेत ज्यांत वादकाचे संमतिपत्र नाही. त्यांत वाजवणाऱ्या चौघांना मी फोन करून कागद पूर्ण करणार आहे.

संकलक_घोडबंदर, अनेक नावांनी ट्रॅक टाकण्याची चूक मीही केलेली आहे आणि ती आता सोडली आहे. म्हणूनच मी त्या मुलाला नॉन-एक्सक्लुझिव्हकडे जा असे म्हटलेले नाही. एकाच लायब्ररीला एक्सक्लुझिव्ह द्या, पण मुदतीने द्या, हे माझे म्हणणे आहे.

वाशी_कीबोर्ड, मागणी संपते हे मान्य. पण मागणी संपलेल्या ट्रॅकची लायब्ररीला तरी काय गरज आहे? तो पाच वर्षांनी परत देण्यात तिचे काही जात नसेल, तर ‘कायमस्वरूपी’वर अडून बसण्याचे कारण उरत नाही. शिवाय 21 जून 2012 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम 18 असे सांगते की चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या संगीतरचनेच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा रचनाकाराला सोडून देताच येत नाही. चित्रपटगृहातले प्रदर्शन तेवढे त्यातून वगळलेले आहे. तसा करार केला तरी तेवढा भाग निरर्थक ठरतो.

वाशी_कीबोर्ड

कलम 18 चे संरक्षण मोलाचे आहे, पण आपण त्या मसुद्याचे शेवटचे पान पाहिलेत का? अशा करारात लागू कायदा लायब्ररीच्या देशाचा आणि वादाची जागाही तिथलीच लिहिलेली असते. तीस ट्रॅकच्या मोबदल्यासाठी ठाण्यातला मुलगा परदेशात वकील लावणार नाही. त्यामुळे कायद्यावर विसंबण्यापेक्षा करारातच हवे ते लिहून घ्यावे, हे मला मान्य आहे. मतभेद एवढाच की लायब्ररीने नकार दिला तर मी सही करीन, आपण करणार नाही. निदान त्याने तीसपैकी सगळे ट्रॅक देऊ नयेत. मागणी लवकर संपणारे सरधोपट ट्रॅक एकरकमी द्यावेत आणि संबळ-हलगीचे ट्रॅक स्वतःकडे ठेवावेत. प्रणालींना शिकवण्याच्या कलमाबाबत मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे, कारण तिथे आपलेच काम आपल्या पुढच्या कामाची गरज संपवायला वापरले जाते.

नौपाडा_स्वरकार

शेवटचे पान आज पुन्हा पाहिले; लागू कायदा परदेशाचाच आहे. आपली वाटणी त्याला पटली. अठरा सरधोपट ट्रॅक एकरकमी आणि बारा लोकवाद्यांचे ट्रॅक पाच वर्षांच्या मुदतीने, असा प्रस्ताव त्याने काल रात्री पाठवला. आज दुपारी लायब्ररीचे उत्तर आले: बारा ट्रॅकसाठी सात वर्षांची मुदत त्यांना चालेल, रचनाकाराचा वाटा त्याच्याकडे राहील, पण प्रणालींना शिकवण्याची मुभा देणारे मसुद्यातले वाक्य काढायला ते अठरापैकी एकाही ट्रॅकसाठी तयार नाहीत. त्याने अजून सही केलेली नाही.