पहिली मोठी रीफ टाकी: पैसा आधी दिव्यांवर की पाण्याच्या वाटेवर?

गाज (धागाकर्ता)

१८० × ६० × ६० सेंमीची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (जिवंत कोरलांची, म्हणजे प्रवाळांची) घ्यायची ठरली की खरेदीच्या यादीत सगळ्यात वर एलईडी दिवे येतात, त्याखाली कंट्रोलर (तापमान, पंप यांवर नजर ठेवणारी पेटी). ओव्हरफ्लो (वरचं पाणी खाली सोडणारी पेटी आणि पाइप), सम्प (खालची यंत्रांची टाकी), नळजोडणी हे मात्र ‘टाकी बनवणारा देईल ते’ म्हणून सोडून दिलं जातं. माझं मत नेमकं उलट आहे. पाणी भरल्यावर जे बदलता येत नाही त्यावर आधी आणि सढळ हाताने खर्च करा. जे चार स्क्रू काढून बदलता येतं ते नंतर घेतलं तरी चालतं.

सगळ्यात आधी ओव्हरफ्लो. काचेला भोकं पाडायची ती टाकी रिकामी असतानाच, म्हणून तीन पाइपांची रचना सुरुवातीलाच करून घ्या. पहिला पाइप पूर्ण भरून वाहणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्हने एवढं बारीक नियंत्रण जमत नाही, पाणी एकतर गुरगुरतं किंवा चढतं. दुसरा पाइप उघडा, त्यातून बारीक धार. तिसरा थोडा उंच आणि कायम कोरडा. पहिल्यात गोगलगाय अडकली तर दुसरा भार उचलतो, दोन्ही तुंबले तर तिसरा. प्रत्येक पाइप एकट्याने सगळा प्रवाह नेऊ शकेल एवढ्या व्यासाचा हवा. एकच पाइप असेल तर तो तुंबल्यावर पाणी जमिनीवरच येणार.

सम्पचं माप अंदाजाने घेऊ नका. वरच्या टाकीचा पृष्ठभाग १०,८०० चौरस सेंमी, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की १०.८ लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं, म्हणजे सम्पमधून पाणी वर परत आणणाऱ्या पाइपचं, तोंड पृष्ठभागाच्या ३ सेंमी खाली असेल तर वीज गेल्यावर ३२ लिटर उलटं येईल, शिवाय ओव्हरफ्लो पेटीतलं आणि पाइपांतलं. सम्पमध्ये चालू पातळीच्या वर किमान ५० लिटर जागा रिकामी ठेवा. एनआरव्हीवर (उलटा प्रवाह अडवणाऱ्या व्हॉल्व्हवर) विसंबू नका, त्याच्या झडपेवर चुना बसतो आणि ती पूर्ण मिटत नाही. रिटर्न पाइपला पृष्ठभागाच्या जरा खाली हवेचं भोक ठेवा आणि ते दर महिन्याला साफ करा. उलट बाजूही तपासा: ओव्हरफ्लो तुंबला तर रिटर्न पंप त्याच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर ढकलेल. त्या कप्प्यात पंप कोरडा पडेपर्यंत १५ लिटर उपसले जाणार असतील तर वर पातळी १.४ सेंमी चढते, तेवढी जागा काठाखाली हवी.

बाकीच्यांत आरओ/डीआय यंत्र (नळाचं पाणी क्षारमुक्त करणारं) पहिल्याच दिवसापासून हवं, बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ०. दगड आणि वाळूची जागा वगळून सम्पसकट साधारण ६५० लिटर पाणी धरा. दिवसाला २८० लिटर देणारी मेंब्रेन (त्या यंत्रातली गाळणी) असेल तर भरायलाच जवळपास अडीच दिवस जातील, आणि लिटरला ३६ ग्रॅमच्या हिशेबाने सुमारे २३ किलो मीठ लागेल.

दिवे मात्र शेवटी. पहिले चार ते सहा आठवडे टाकीत फक्त जिवाणू बसवायचे असतात. त्यांना प्रकाश लागत नाही, शेवाळाला लागतो.

शिंपला

ओव्हरफ्लोबद्दल पूर्ण सहमत, दिव्यांबद्दल अजिबात नाही. ‘दिवे नंतर’ म्हणणारे प्रत्यक्षात ‘आत्ता स्वस्त, मग चांगले’ असं करतात आणि दुप्पट खर्च करून बसतात. १८० सेंमी लांबीला एका एलईडीचा उपयोगी पसारा साधारण ६० × ६० सेंमी धरला तर तीन नग लागतात. दोनात भागवलं की मधोमध आणि कडांना अंधारे पट्टे राहतात. दगडांची रचना त्याच हिशेबाने होते: मऊ कोरल ५० ते १०० पॅरवर (कोरलांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) खूश, एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल) १०० ते २०० वर, अॅक्रोपोरासारख्या एसपीएसना (बारीक पॉलिपच्या कठीण कोरलांना) २०० ते ३५० हवा. कुठे किती पॅर पडणार हे माहीत नसताना दगड रचले तर नंतर सगळं उचकटावं लागतं, आणि तोवर कोरल दगडाला चिकटलेले असतात.

शिवाय क्षीण दिव्याखाली रुळलेल्या कोरलांवर अचानक ताकदवान दिवे आले तर ते पांढरे पडतात. त्यापेक्षा शेवटचे दिवे पहिल्यांदाच घ्या, ३० ते ४० टक्क्यांवर चालवा, आणि आठवड्याला ५ टक्क्यांनी चढवा.

स्किमरचंही (फेस करून पाण्यातली सेंद्रिय घाण काढणाऱ्या यंत्राचंही) तेच. सम्पचा कप्पा स्किमरच्या पायाच्या मापाने आणि त्याला लागणाऱ्या पाण्याच्या खोलीने आखायचा असतो. बऱ्याच स्किमरना २० ते २३ सेंमी स्थिर पातळी लागते. लहान स्किमरपुरता कप्पा केला की मोठा पुढे बसतच नाही. म्हणून मोठाच घ्या.

भरतीओहोटी

स्किमर मोठा घेण्याच्या सल्ल्याला विरोध. खोक्यावर ‘१,५०० लिटरपर्यंत’ लिहिलेलं असतं ते विरळ माशांसाठी, त्यामुळे तो आकडा निम्मा धरणं शहाणपणाचं, इथवर ठीक. पण त्याहून मोठ्याचा नव्या टाकीत उपयोग होत नाही. पाण्यात सेंद्रिय पदार्थच कमी असतात, त्यामुळे रुंद नळकांड्यात फेस गळ्यापर्यंत चढत नाही. मग लोक पातळी वर-खाली करत बसतात आणि कप एक तर कोरडा किंवा पाण्याने भरलेला.

दुसरा धोका गंभीर आहे. कोरड्या दगडाने सुरू केलेल्या टाकीत मोठा स्किमर, फॉस्फेट शोषणारं माध्यम आणि मोजके मासे एकत्र आले की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर जातात. त्या रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट्स (एकपेशीय जीव) फोफावतात: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारा थर, काही जाती गोगलगायींना मारतात. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहायला हवं. स्किमर हवा घालतो म्हणून तो हवाच, पण मध्यम. कप्पा मोठा ठेवा, यंत्र नाही.

आणि पाणी हलवण्याबद्दल कोणीच बोललेलं नाही! रिटर्न पंपाकडून लाटेची अपेक्षा करू नका. सम्पमधून तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं की पुरे, म्हणजे २,००० ते ३,००० लिटर. ६,००० लिटर लिहिलेला पंप १.५ ते १.८ मीटर उंची आणि दोन-चार एल्बो ओलांडून जेमतेम निम्मं देतो, त्या हिशेबाने निवडा. खरी हालचाल वेव्हमेकरची (टाकीतच बसणाऱ्या, पाणी ढवळणाऱ्या पंपांची): एलपीएसना १० ते २० पट, एसपीएसना ३० पटीहून जास्त. एकाच ताकदवान पंपाची धार समोरच्या कोरलाची कातडी सोलते आणि दगडामागे घाण साचते. दोन ते चार पंप विभागून, समोरासमोर आणि आळीपाळीने.

कालव

या धाग्यात कंट्रोलरला चैनीची वस्तू ठरवलं जातंय, ते मला धोक्याचं वाटतं. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तो बहुतेक वेळा संपर्क चिकटून, म्हणजे चालूच राहून. ६५० लिटर पाणी ६०० वॅटच्या एका हीटरने सव्वा तासात १ अंश चढतं, उष्णता बाहेर जात नाही असं धरलं तर. रात्रभरात काय होईल याचा विचार करा. तापमान, पातळी आणि गळती यांचा इशारा फोनवर देणारं यंत्र मोठ्या टाकीला पहिल्या दिवसापासून हवं. एटीओसुद्धा (वाफ झालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लगेच हवा, कारण रोज ५ ते ७ लिटर वाफ होते आणि मीठ मागेच राहतं.

गाज (धागाकर्ता)

कालव, धोका तुम्ही बरोबर ओळखलात, उपाय मात्र मला आधी साधा हवा. ६०० वॅटचा एक नको, ३०० वॅटचे दोन घ्या. एक चिकटला तरी अंश चढायला अडीच तास लागतात, आणि खोलीकडे जाणारी उष्णता बरीचशी तो फरक गिळते. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २६.५ वर ठेवा, बाहेरचा तापमान-स्विच २५.५ वर. आता दोन्ही एकाच वेळी बिघडले तरच टाकी तापेल. बाहेरच्या स्विचचा प्रोब अशा कप्प्यात ठेवा जिथली पातळी बदलत नाही. रिटर्न कप्प्यात ठेवला आणि पाणी उतरलं तर तो हवेचं तापमान वाचतो आणि हीटर चालू ठेवतो. इशारा देणाऱ्या यंत्राला माझी ना नाही. सगळ्या पंपांचं चालू-बंद त्याच एका पेटीवर सोपवायला मात्र ना आहे.

एटीओ मान्य, पण त्याची साठवण टाकी ४० लिटरांहून मोठी नको. सेन्सर अडकून सगळं गोडं पाणी आत गेलं तरी खारेपणा हजारी ३५ वरून ३३ पर्यंत येतो, त्यातून बहुतेक जीव निभावतात. १५० लिटरच्या पिंपाने तोच सुमारे २८.४ होईल. आणि आरओची नळी थेट सम्पला जोडणं तर टाळाच, तिथे पाण्याला अंतच नाही.

शिंपला, दगड उचकटण्याचा मुद्दा मी धरला नव्हता, तो पटला. म्हणून एवढं बदलतो: दिव्यांचं मॉडेल, टांगण्याची पट्टी आणि वायरिंग आधी ठरवा. खरेदी मात्र जिवाणू बसल्यावर, नाहीतर हमीचे पहिले आठवडे रिकाम्या टाकीवर जातात.

शिंपला

मॉडेल आधी ठरलं तर माझी हरकत संपली. पण रचनेआधी पॅर मीटर भाड्याने किंवा उसना मिळवा. कंपनीचा आलेख बहुधा हवेत किंवा रिकाम्या टाकीत मोजलेला असतो, पाण्याखालची दगडाची सावली त्यात येत नाही.

भरतीओहोटी

विजेचं राहिलं. सगळं एकाच आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) असेल तर एका गळक्या हीटरने ती पडते आणि पंपही थांबतात. ३० मिलीअँपिअरच्या दोन वेगळ्या आरसीसीबी करा: एकीवर रिटर्न, एक हीटर आणि एक वेव्हमेकर, दुसरीवर उरलेलं. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. वीज गेल्यावर आधी ऑक्सिजन संपतो, तापमानाचं संकट नंतर येतं. म्हणून बॅटरी रिटर्नला जोडू नका. एक डीसी वेव्हमेकर सर्वांत कमी वेगावर, तोंड पृष्ठभागाकडे करून चालवला तर तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.

चिलर घेणार असाल तर तो बंद कपाटात ठेवू नका, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. आधी पंखा लावून पाहा: रोज ६ लिटर वाफ म्हणजे सतत सुमारे १७० वॅट उष्णता बाहेर.

कालव

त्या ६ लिटरांतूनच पुढचा मुद्दा. कॅल्शियम रिअॅक्टर (कोरलांना कॅल्शियम पुरवणारं यंत्र) पहिल्या वर्षी कोणी घेऊ नये, कोरल कमी असताना तो नीट लावताच येत नाही. आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की बराच काळ भागतं. अल्कलिनिटी (कोरल सांगाडा बांधायला वापरतात ते पाण्यातले कार्बोनेट) रोज घसरू लागली की चुन्याची निवळी (चुना कालवून वर उरलेलं निवळ पाणी) द्या. संपृक्त निवळी रोज ६ लिटर दिली तर ६५० लिटरांत सुमारे १ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) भरून निघतो. मी ती एटीओच्या टाकीतच कालवेन, वेगळं यंत्र कशाला?

गाज (धागाकर्ता)

इथे मात्र ठाम विरोध. संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. एटीओ अडकला आणि ४० लिटर निवळी गेली तर साध्या पाण्यासारखा फक्त खारेपणा उतरणार नाही. अल्कलिनिटी ७ डीकेएचने उसळेल, पीएच ९ च्या पुढे जाईल आणि पाणी दुधासारखं होऊन कॅल्शियम कार्बोनेट पंपांवर बसेल. निवळी डोसिंग पंपाने, वेळ लावून, जास्तीत जास्त रात्री द्या, कारण तेव्हा पीएच उतरलेला असतो. तळाचा गाळ ओढला जाणार नाही अशा उंचीवर नळी ठेवा. एटीओत साधं आरओ/डीआय पाणीच राहू द्या.

कालव

डोसिंग पंपही अडकतो. पण तो मिनिटाला ५-१० मिलीलिटर देणारा असेल तर ४० लिटर जायला अडीच दिवसांहून जास्त लागतील, तोवर पीएचचा इशारा येईल. हे मान्य. मग पीएच प्रोबही यादीत घाला, आणि त्याचं कॅलिब्रेशन दर महिन्याला ७ आणि १० च्या द्रावणात करा.