मदत हवी आहे: नाशिक, एक दिवस, एकटीने आणि पायी

भटकभवानी

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी एका बुधवारी नाशिकला येतेय. लातूरहून रात्रीची ट्रॅव्हल्स, ती पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात सोडणार. परतीची गाडी त्याच रात्री. मधला सगळा दिवस माझा एकटीचा. सोबत कुणी नाही, आणि मुद्दामच नाही. घरच्यांबरोबर तीर्थाला गेलं की दर्शन, प्रसाद आणि 'चला, गाडी थांबलीय' एवढंच हाती लागतं.

तालुक्याच्या वाचनालयात नोकरी करते, त्यामुळे जुन्या वास्तू आणि जुने कागद दोन्हींचं वेड आहे. यादी केलीय ती अशी: रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, सरकारवाडा, सार्वजनिक वाचनालय, पांडवलेणी आणि जमलं तर त्र्यंबकेश्वर. हे एका दिवसात होणार नाही हे मलाही दिसतंय. काय कापू आणि कुठून सुरुवात करू, ते सांगा. चालायची सवय आहे, रोज तासभर चालते, पण डावा गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरतो. पाठीवर एक सॅक असेल. पहाटे घाटावर एकट्या बाईने थांबणं बरं का? आणि रामकुंडावर गुरुजी मागे लागतात म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

जुनं_नाशिक

ताई, त्र्यंबक आजच कापा. तीस किलोमीटर लांब आहे, शिवाय दर्शनाच्या रांगेत अर्धा दिवस जाईल. तपोवनही सोडा. नदी मध्ये धरा, सकाळी पंचवटी आणि दुपारनंतर पलीकडचं जुनं नाशिक. एवढंच करा, तरी दिवस पुरणार नाही.

द्वारकेहून चालू नका, तो हायवे आहे, बघण्यासारखं काही नाही. रिक्षाने पंचवटी कारंजा गाठा आणि तिथून उताराने रामकुंडावर या. समोर कपालेश्वर दिसेल. महादेवाच्या या देवळात नंदी नाही. मग काळाराम. तिथे घाई करू नका. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, सगळं काळ्या दगडात, दगड रामशेजच्या डोंगरातला. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका, भोवतीच्या ओवऱ्यांत बसा. आणि दरवाजातून आत जाताना आठवा की २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली याच दारांसमोर दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, आणि पुढची काही वर्षं चालूनही ती दारं उघडली नाहीत. नुसतं शिखर बघून परतणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

सीतागुंफा तिथून दोन मिनिटांवर, पाच वडांजवळ. पण वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं. तुमचा गुडघा ऐकणार नाही. बाहेरूनच नमस्कार करा.

गोदाकाठची

पहाटे घाटावर बिनधास्त थांबा. आंघोळीला आलेली माणसं, फुलवाल्या, चहाच्या गाड्या, अंधारातही जाग असते. थंडी मात्र कडक असते, शाल ठेवा, लातूरच्या हिशोबाने येऊ नका. सॅकसाठी घाटाजवळच्या लॉजवर काही तासांची खोली घ्या. आंघोळ होते, सामान राहतं आणि स्वच्छतागृहाचा प्रश्नही सुटतो. बायकांना तो दिवसभर छळतो, पण सहलीची पत्रकं लिहिणाऱ्यांना कधी आठवत नाही.

बुधवार निवडलात हे छान झालं. नदीकाठी बुधवारचा बाजार भरतो. भाजी, धान्य, कपडे, सगळं खाली मांडलेलं असतं. गर्दीत मोबाईल हातात धरून फिरू नका. तिथेच पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, तो बघा. पूर आला की आम्ही पाणी मीटरमध्ये विचारत नाही, मारुतीच्या कमरेला लागलं का छातीला, तेच विचारतो.

सातपूरकर

पांडवलेणी कापू नका हो! जुन्या कागदांचं वेड आहे म्हणता, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर सोडून जाता? चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी सांगणारा. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख. शहरापासून आठेक किलोमीटर, रिक्षा किंवा सिटीलिंकच्या शहर बसने जाता येतं.

जुनं_नाशिक

सातपूरकर, लेणी भारी आहेत, वाद नाही. पण दोनशेच्या वर पायऱ्या चढून तेवढ्याच उतरायच्या. ताईंनी गुडघा कुठला सांगितला, उतरतानाचाच ना?

दुपारचं सांगायचं राहिलं. घाटावर नारोशंकराचं देऊळ बघा. दारावरची मोठी घंटा पोर्तुगीजांची, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती आली. मग पूल ओलांडून भांडी बाजार आणि सराफ बाजारात शिरा. मोठा पूर आला की या दोन्ही बाजारांत पाणी येतं. सरकारवाडा सराफ बाजारातच आहे, पेशवाईतला. पुढे तिळभांडेश्वर गल्ली, सावरकरांच्या मित्रमेळ्याची, म्हणजे त्यांच्या क्रांतिकारक संघटनेची. १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या ते विजयानंद नाट्यगृहही याच जुन्या शहरातलं. सार्वजनिक वाचनालय शेवटी ठेवा. १८४० सालची संस्था आहे, तुम्ही तिथून लवकर निघणार नाही हे आत्ताच सांगतो.

मिसळ सकाळीच खा. दुपारी खाऊन चालवत नाही.

गोदाकाठची

गुरुजींचं राहिलं. पूजा नको असेल तर हात जोडून 'नको' म्हणा आणि चालत राहा. पण तुम्ही वाचनालयवाल्या, म्हणून एक सुचवते. त्यांना गाव आणि आडनाव सांगा. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या वह्या असतात. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या, सगळं लिहिलेलं, खाली येणाऱ्यांच्या सह्या. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना आजोबांची मोडीतली सही सापडली होती. वही बघायला मिळाली तर दक्षिणा द्या, पण रक्कम आधी बोलून घ्या.

भटकभवानी

अगं बाई! हे कुणीच सांगितलं नव्हतं. गावाप्रमाणे लावलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंदवही! आम्ही अजून पुस्तकांच्या दाखलखारीज नोंदी संगणकावर चढवतोय. त्र्यंबक, तपोवन, सीतागुंफा कापलं. सातपूरकर, लेण्यांसाठी वेगळी येईन, गुडघ्याला पट्टा बांधून. आता एकच शंका. गुरुजींना गाव कुठलं सांगू, सासरचं की माहेरचं? सासर औसा, माहेर अंबाजोगाई.

गोदाकाठची

दोन्ही. गावं वेगळी म्हणजे बहुतेक गुरुजीही वेगळे, ते एकमेकांकडे पाठवतात. औशाचं कुणाकडे, अंबाजोगाईचं कुणाकडे, घाटावर विचारलं की सांगतील. पणजोबांपर्यंतची नावं कागदावर लिहून आणा, आणि माहेरची आधी शोधा. सासरच्या वहीत तुमचं नाव घालायला पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या.

सातपूरकर

आणि पुढच्या वेळी पांडवलेणी.