टॉन्सिल वारंवार सुजतात : औषधे की शस्त्रक्रिया?

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलीचे टॉन्सिल या वर्षात चौथ्यांदा सुजले असून आवंढा गिळतानाही तिच्या डोळ्यांत पाणी येते. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक आवश्यक असते का, आणि टॉन्सिल काढणे केव्हा योग्य ठरते?

उत्तर १ : बहुतेक वेळा हा संसर्ग विषाणूजन्य असतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही आणि पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या व विश्रांती यांवर तो आठवडाभरात ओसरतो. मात्र खोकला नसताना ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील, तर घशातील स्राव तपासून घ्यावा. स्ट्रेप्टोकॉकस हे जिवाणू आढळल्यास पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन साधारणतः १० दिवस देतात, आणि मूल तिसऱ्या दिवशी खेळू लागले तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करावा, कारण अपुऱ्या उपचारामुळे पुढे हृदयाच्या झडपांना इजा करणारा संधिवाताचा ताप उद्भवू शकतो. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

उत्तर २ : शस्त्रक्रियेचा विचार सहसा एका वर्षात ७, सलग २ वर्षे दरवर्षी ५ किंवा सलग ३ वर्षे दरवर्षी ३ वेळा त्रास झाल्यास करतात. झोपेत श्वास अडखळत असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. शस्त्रक्रिया ‘किरकोळ’ म्हणणे मला पटत नाही, कारण खपली सुटताना, म्हणजे ५ ते १० दिवसांनीही, रक्तस्राव होऊ शकतो.

उत्तर ३ : तोंड उघडेनासे झाले, लाळ गळू लागली किंवा श्वास घेणे जड झाले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.