काच खाली झटकन जाते, वर येताना अडते: मोटर गेली की रबर?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

जुनी हॅचबॅक आहे. ड्रायव्हरशेजारच्या दाराची काच वर येताना कण्हत येते आणि चार बोटं उरली की थांबते. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा थोडी सरकते. गाडी उघड्यावर असते आणि पाऊस तोंडावर आलाय. गॅरेजवाला म्हणतो, मोटर-रेग्युलेटर (काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा) अख्खा सेट बदला. खर्चाला ना नाही, पण मोटर खरंच गेलीय का?

माझ्या माहितीप्रमाणे आत १२ व्होल्टची डीसी मोटर असते, बटण उलट दाबलं की करंटची दिशा उलटते आणि मोटर उलटी फिरते. मग एकच मोटर खाली जोमात आणि वर मरगळलेली कशी?

काल पॅनेल काढलं. ड्रायव्हरकडचं आणि त्या दाराचं, दोन्ही बटणांनी तेच. काच क्लॅम्पमधून सोडवली, तर रेग्युलेटर वर-खाली सारखाच पळतो. सुटी काच हाताने वर ओढली की मागच्या कडेला अडते. तिथल्या रबराच्या खाचेत काळा, चिकट गाळ आहे, बोटाला लागतो. ग्रीस लावू का?

प्रतिसाद १
ग्रीस नको! धूळ धरतं, रबरही फुगतं. खाच ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा.

मोटर बहुधा ठीक आहे. खाली जाताना काचेचं वजन मदतीला असतं. वर येताना तेच वजन, शिवाय रबराचं घर्षण, दोन्ही ओढावं लागतं. काच अडली की करंट कितीतरी वाढतो, मोटर तापते आणि आतला थर्मल कटआउट करंट तोडतो. गार झाली की पुन्हा जोडतो. तुमची पाच-दहा मिनिटं तीच.

तरीही काच जोडून, इंजिन चालू ठेवून, अडते तिथे बटण दाबा आणि मोटरच्या कपलरवर (वायर जोडायच्या सॉकेटवर) व्होल्टेज मोजा. आठ-नऊवर उतरलं तर बटणाचे पॉइंट जळलेत, नाहीतर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटत आलीय. तेव्हा नवी मोटरही तशीच रखडेल.

धागाकर्ता
मनापासून आभार, उद्याच मोजतो. पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटलाय, तसाच ठेवला तर चालेल?

प्रतिसाद १
नाही, नवा चिकटवा. काचेवरून दारात उतरणारं पाणी तोच अडवतो, नाहीतर पावसाळ्यात पायाखालची मॅट भिजेल.